पांढऱ्यात पांढरे : मॅमोग्राम पाहू इच्छिणाऱ्यांसाठी प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगाविषयी मराठीत आता पुष्कळ लिहिले जाते. लक्षणे, उपचार, बऱ्या झालेल्या स्त्रियांचे अनुभव, ऑक्टोबरातले गुलाबी फितीचे कार्यक्रम हे सारे वाचकांच्या परिचयाचे झाले आहे. ‘मॅमोग्राफी करून घ्या’ हा सल्लाही घरोघर पोचला आहे. त्याच्या पुढे मात्र लेखन सहसा जात नाही. त्या करड्या चित्रात डॉक्टर नेमके काय शोधतात, कर्करोग तिथे कोणत्या रूपाने वावरतो, आणि एखादीला ‘आणखी एक फोटो काढावा लागेल’ असे का सांगितले जाते, हे प्रश्न क्ष-किरण विभागाच्या दाराआडच राहतात. ते दार थोडे उघडावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

विषयाची निकड सांगायला एक आकडा पुरे. जागतिक अंदाजांनुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या आजाराचे नव्याने निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग आहे. असे असूनही त्याचे पहिले चित्र कसे दिसते हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही फार तर ओझरते दाखवले जाते. म्हणून हे लेखन विद्यार्थ्यासाठी आहे, गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरसाठी आहे, परिचारिकेसाठी आहे. आणि आईच्या किंवा स्वतःच्या रिपोर्टचा लिफाफा हातात घेऊन बसलेल्या कुणासाठीही आहे. भौतिकशास्त्र येत नाही म्हणून वाचकांनी बिचकू नये. लागेल तेवढे वाटेत येईलच.

या विद्येची खरी अडचण थोडक्यात सांगता येते. मॅमोग्राममध्ये कर्करोग पांढरा दिसतो आणि निरोगी ग्रंथीही पांढऱ्याच दिसतात. स्तनात मुख्यतः दोन गोष्टी असतात: चरबी, आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथी व त्यांना धरून ठेवणारे तंतू. चरबीतून क्ष-किरण सहज पार होतात, म्हणून ती काळपट उमटते. ग्रंथी आणि तंतू किरणांना अडवतात, म्हणून त्या उजळ दिसतात. कर्करोगाची गाठही जवळजवळ तेवढेच किरण अडवते. तिला वेगळा रंग नाही, वेगळी चमक नाही. मग ती ओळखायची कशी? तिच्या वागण्यावरून. ती आजूबाजूला काय करते, कडेला कशी पसरते, शेजारच्या रेषा कुठे ओढते, नळ्यांमध्ये काय मागे सोडते, यांवरून. मॅमोग्राम पाहणारा माणूस रोगाचे छायाचित्र पाहत नसतो. सावल्यांवरून तो रोगाच्या वर्तनाचा तर्क करत असतो. वाचकांनी एवढे मनात पक्के धरले, तर पुढचे बरेचसे तपशील आपोआप जागेवर बसतील.

हा तर्क एका दिवसात जमलेला नाही. विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९१३ मध्ये, बर्लिनचे शल्यविशारद अल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३००० स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही गाठींच्या मध्यभागी त्यांना बारीक ठिपके दिसले होते. ते कॅल्शियमचे कण होते, पण त्यांचे मोल कळायला आणखी काही दशके जावी लागली. सालोमन यांच्या पुढच्या आयुष्याची हकीकत या विषयाच्या पुस्तकांत क्वचित येते, म्हणून इथे नोंदवतो. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांचे अध्यापन बंद झाले, त्यांना झाक्सनहाउझेनच्या छावणीत डांबले गेले, तिथून सुटल्यावर ते हॉलंडला निसटले आणि युद्धातून वाचले. त्यांची चित्रकार मुलगी शार्लोट मात्र १९४३ साली आउशविट्समध्ये मारली गेली. चित्रकलेच्या अभ्यासकांना मुलगी ठाऊक असते, रेडिओलॉजिस्टांना बाप. दोघांना एकत्र ओळखणारे थोडे.

जिवंत स्त्रीच्या स्तनाचे पद्धतशीर क्ष-किरण चित्रण अमेरिकेतील रोचेस्टरच्या स्टॅफर्ड वॉरन यांनी १९३० साली मांडले. पण या विषयाला खरे वळण दिले ते उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५० च्या सुरुवातीला माँटेव्हिडिओत काम करताना त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. स्तन दाबून चपटा केल्याशिवाय चांगले चित्र मिळणार नाही, ही पहिली. मिठाच्या बारीक कणांसारखे दिसणारे कॅल्शियमचे पुंजके कर्करोगाची खूण असू शकतात, मग हाताला गाठ लागो वा न लागो, ही दुसरी. आजच्या मॅमोग्राफीचा निम्मा पाया या दोन वाक्यांत आहे. ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १९६० साली पहिल्या १००० तपासण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करून हे तंत्र इतरांनाही जमण्यासारखे आहे हे दाखवून दिले. त्याच दशकाच्या मध्यावर फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये चार्ल्स ग्रो यांच्या प्रयत्नांतून केवळ स्तनासाठी घडवलेले यंत्र आले. त्यात टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम धातू वापरला होता.

मॉलिब्डेनमच का, हे समजून घेणे मोलाचे आहे. छातीच्या साध्या एक्स-रेला शंभर किलोव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक विद्युतदाब वापरतात. एवढे जोरकस किरण चरबी आणि ग्रंथी यांच्यात फारसा भेद करत नाहीत, दोन्हींतून धडाक्याने निघून जातात. मॅमोग्राफीत साधारण २५ ते ३२ किलोव्होल्ट वापरतात. या मऊ किरणांना दोन ऊतींतला थोडासा फरकही जाणवतो, आणि मॉलिब्डेनम नेमके तशा किरणांचे पीक देतो. आजच्या डिजिटल यंत्रांत ऱ्होडियम आणि पुन्हा टंगस्टनही परतले आहेत, पण तत्त्व तेच आहे. किरणांची मात्राही थोडी असते. दोन्ही स्तनांच्या तपासणीत मिळणारा परिणामकारक डोस सुमारे ०.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातूनच आपल्याला सुमारे सात आठवड्यांत मिळतो तेवढा. भारतात अशी यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली येतात.

आता त्या दाबण्याविषयी. तपासणीला गेलेल्या स्त्रियांची मुख्य तक्रार हीच असते, आणि ती रास्त आहे, दुखते. पण कारण कळले की ते काही क्षण सोसणे सोपे जाते. स्तन चपटा झाला की एकावर एक आलेले पदर सुटे होतात, हालचालीने चित्र पुसट होत नाही, विखुरलेले किरण कमी होतात आणि डोसही घटतो. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात तपासणीची वेळ घेतली तर दुखणे कमी असते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये असे सांगतात, त्यामागे शिस्तीचा बाऊ नाही. त्यांतले काही कण चित्रात कॅल्शियमसारखेच उमटतात.

प्रत्येक स्तनाची दोन चित्रे घेतात. एक वरून खाली, त्याला सीसी म्हणतात. दुसरे तिरके, आतल्या बाजूकडून काखेकडे, त्याला एमएलओ. तिरक्या चित्रात छातीचा मोठा स्नायू काखेपासून स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. तो तसा दिसला नाही तर मागचा काही भाग चित्राबाहेर राहिला असे समजावे. चांगले चित्र ही तंत्रज्ञाची कला आहे, आणि तिचे श्रेय तिला क्वचितच मिळते. निम्मे निदान रेडिओलॉजिस्टने खुर्चीत बसण्याआधीच झालेले असते किंवा हुकलेले असते, असे मला अनेकदा वाटते.

नवख्या माणसाची पहिली ओढ कर्करोग पाहण्याची असते. ती जरा आवरावी, अशी माझी विनंती आहे. आधी निरोगी स्तन पाहावेत, आणि भरपूर पाहावेत. दोन स्त्रियांचे मॅमोग्राम एकसारखे नसतात. एकीचा जवळजवळ सगळा काळपट, चरबीचा. दुसरीचा पांढऱ्या ढगांनी भरलेला. या फरकाला घनता म्हणतात आणि तिच्या चार पायऱ्या मानल्या आहेत: जवळपास पूर्ण चरबीचा, विखुरलेल्या ग्रंथींचा, बराच दाट आणि अतिशय दाट. तरुणपणी स्तन दाट असतो, रजोनिवृत्तीनंतर बहुधा चरबी वाढत जाते. हाताने चाचपून दाटपणा कळत नाही. घट्ट लागणारा स्तन चरबीचा असू शकतो आणि मऊ लागणारा दाट.

घनतेला एवढे महत्त्व दोन कारणांसाठी आहे. काळपट पार्श्वभूमीवर अर्ध्या सेंटिमीटरची गाठही उठून दिसते. दाट पांढऱ्यात दोन सेंटिमीटरची गाठसुद्धा बुडून जाऊ शकते. दुसरे कारण असे की, दाट स्तन हा स्वतःच एक जोखमीचा घटक आहे. डेट्रॉइटच्या जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये हे सुचवले तेव्हा पुष्कळांनी ते उडवून लावले. पुढच्या अभ्यासांनी मात्र त्यांची बाजू घेतली: अतिशय दाट स्तन असलेल्या स्त्रियांमध्ये हा कर्करोग, जवळपास पूर्ण चरबीचे स्तन असलेल्यांच्या तुलनेत, चार ते सहा पट अधिक आढळतो. म्हणून रिपोर्टच्या सुरुवातीला घनतेचे जे एक वाक्य असते ते वाचकांनी ओलांडून जाऊ नये. पुढच्या मजकुरावर किती विसंबायचे, ते त्या वाक्यावरून ठरते. ‘सर्व ठीक’ हे शब्द चरबीच्या स्तनाविषयी लिहिले असतील तर त्यांचे वजन एक, दाट स्तनाविषयी लिहिले असतील तर दुसरे.

चित्रे पाहताना उजवा आणि डावा स्तन पाठीला पाठ लावून, आरशातल्या प्रतिबिंबासारखे ठेवतात. निसर्गाने दोन्ही बाजू साधारण सारख्या केल्या आहेत, तेव्हा एका बाजूला जे आहे ते दुसऱ्या बाजूला का नाही, असा प्रश्न डोळ्यांना पडतो. त्यानंतर जुनी चित्रे शेजारी येतात. अनुभवी डोळा इथे थक्क करणारे काम करतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेडिओलॉजिस्टांना मॅमोग्राम फक्त अर्धा सेकंद दाखवला गेला. तेवढ्यातही काही बिघडले आहे का, हे ते निव्वळ अंदाजापेक्षा चांगले सांगू शकले. कुठे बिघडले आहे ते त्यांना दाखवता येईना. नवल म्हणजे कर्करोग नसलेल्या बाजूचे चित्र दाखवले तरी त्यांना काहीसा सुगावा लागत होता. असा डोळा हजारो चित्रे पाहून तयार होतो. अर्थात त्या पहिल्या चाहुलीवर कोणी निदान करत नाही. त्यानंतर शिस्तीने, कोपरा न कोपरा तपासला जातो.

आता रोगाच्या खुणा. पहिली आणि सर्वांना अपेक्षित खूण म्हणजे गाठ. दोन्ही चित्रांत दिसणारी, बाहेरच्या बाजूला फुगीर कडा असलेली पांढरी जागा. गाठ दिसली की नवखा तिच्या आकारमानाकडे पाहतो, जाणकार तिच्या कडेकडे. कड सुबक, रेखीव, सगळीकडून मोकळी असेल तर ती बहुधा पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, किंवा तरुणींमध्ये नेहमी आढळणारी फायब्रोअॅडिनोमाची निरुपद्रवी गाठ असते. कड पुसट असेल, बारीक खाचाखाचांची असेल, तर शंका वाढते. आणि कडेतून चहूबाजूंना बारीक ताठ रेषा निघत असतील, तर ती कर्करोगाची सर्वांत बोलकी खूण मानतात. या रेषा म्हणजे सगळ्या कर्करोगाच्या पेशीच असतात असे नाही. गाठीमुळे आजूबाजूला तंतू तयार होतात, आक्रसतात आणि शेजारच्या ऊतींना आत ओढतात. ही ओढ बाहेरच्या त्वचेपर्यंत पोचली की खळी पडते, स्तनाग्र आत जाते.

नियम इथेच संपला असता तर हा विषय महिन्याभरात शिकून झाला असता. पण श्लेष्मल प्रकारचा कर्करोग गोल, रेखीव कडेचा, अगदी साळसूद दिसू शकतो. बीआरसीए-१ जनुकातील दोष वारशाने आलेल्या तरुण स्त्रियांमध्ये भराभर वाढणाऱ्या गाठीही अनेकदा गोलसर असतात, कारण इतक्या वेगात भोवती तंतू जमायला अवधीच मिळत नाही. उलट, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण किंवा ‘रेडियल स्कार’ नावाची सौम्य विकृती ताऱ्यासारख्या रेषा फेकून घाबरवते.

दुसरी खूण कॅल्शियमच्या कणांची, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत देखणे प्रकरण हेच. वाचकांनी त्यासाठी वेळ राखून ठेवावा. आधी एक गैरसमज दूर करू: या कणांचा आहारातल्या कॅल्शियमशी किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांशी संबंध नाही. स्तनातले बहुतेक कण निरुपद्रवीच असतात, आणि रेडिओलॉजिस्टांनी त्यांना नावेही स्वयंपाकघरातली दिली आहेत. जुनी फायब्रोअॅडिनोमा आतून झिजते तेव्हा तिच्यात मक्याच्या लाह्यांसारखे जाड गोळे साठतात. बारीक सिस्टमध्ये साचलेला कॅल्शियमचा गाळ वरून घेतलेल्या चित्रात पुसट ठिपक्यासारखा दिसतो, पण बाजूने चित्र घेतले की तोच तळाशी बसून चहाच्या कपासारखी चंद्रकोर दाखवतो. एकाच कणाने दोन चित्रांत दोन रूपे घ्यावीत, आणि तेच त्याच्या निर्दोषपणाचे प्रमाण ठरावे, ही मला या शास्त्रातली फार सुंदर गोष्ट वाटते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले कण दोन समांतर रेषांत चालतात. त्यांचा कर्करोगाशी संबंध नाही, हृदयाच्या डॉक्टरांना मात्र ते ऐकायला आवडेल.

संशयाचे कण वेगळे असतात. ते बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान, एकमेकांशी न जुळणाऱ्या आकारांचे आणि एका ठिकाणी दाटीने असतात. सर्वांत गंभीर ते, जे बारीक रेघांसारखे असून फाटे फोडत जातात. त्याचे कारण असे: अनेक कर्करोगांची सुरुवात दुग्धनलिकेच्या आत होते आणि काही काळ ते नळीच्या भिंती ओलांडत नाहीत. या अवस्थेला डीसीआयएस म्हणतात. नळी पेशींनी भरत जाते, मधल्या पेशींना पोषण मिळेनासे होऊन त्या मरतात आणि त्यांच्या अवशेषांवर कॅल्शियम बसते. म्हणजे ते कण नळीच्या आतल्या पोकळीचा साचाच असतात. म्हणून कणांच्या आकाराइतकेच त्यांचे पसरणेही पाहतात. दोन्ही स्तनांत सगळीकडे शिंपडलेले कण बहुधा निर्धास्त करतात. स्तनाग्राकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पाचरीसारख्या पट्ट्यातले कण संपूर्ण नलिकावृक्ष बाधित झाल्याचा इशारा देतात. हाताला काहीही लागत नसते, दुखत नसते, सोनोग्राफीतही पुष्कळदा काही दिसत नाही. दिसतात ते फक्त हे कण. आजही मॅमोग्रामला पर्याय सापडलेला नाही तो मुख्यतः इथे.

उरलेल्या दोन खुणा वर्णन करायला सोप्या आणि ओळखायला कठीण आहेत. स्तनातल्या तंतूंच्या रेषा साधारणपणे स्तनाग्राकडे वळलेल्या असतात. ताणलेल्या कापडात एखादा टाका घट्ट ओढला की भोवती चुण्या पडतात, तशा या रेषा एखाद्या जागी गोळा झालेल्या दिसतात. मध्ये गाठ असेलच असे नाही. ही रचनेतली विकृती नजरेतून निसटणे फार सोपे. चौथी खूण असमानतेची: एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही. बहुतेक असमानता जन्मजात आणि निरुपद्रवी असतात. पण मागच्या चित्रात नव्हती आणि आता आहे, किंवा होती त्याहून वाढली आहे, अशी असमानता दुर्लक्षून चालत नाही. लोब्युलर प्रकारचा कर्करोग, जो आक्रमक स्तनकर्करोगांत १० ते १५ टक्के आढळतो, याच दोन वाटांनी येतो. त्याच्या पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारे प्रथिन नसते, त्यामुळे त्या एकामागे एक अशा रांगेत तंतूंमधून सरकत जातात आणि गोळा होऊन गाठ करत नाहीत. कित्येक वर्षांच्या चित्रांत स्तन किंचित लहान होत गेलेला दिसतो, एवढाच काय तो माग.

आपल्याकडच्या वाचकाला परदेशी पुस्तकांत पुरेशी न सापडणारी एक बाजू इथे जोडायला हवी. स्तनाचा क्षयरोग भारतात आजही आढळतो. जाड झालेली त्वचा, पुसट कडेची गाठ, काखेत वाढलेल्या लसिका ग्रंथी अशा वेषात तो येतो, आणि केवळ चित्रावरून त्याला कर्करोगापासून वेगळे काढणे बऱ्याचदा अशक्य असते. हत्तीरोगाच्या पट्ट्यात, आणि त्यात विदर्भाचा काही भाग येतो, मेलेल्या जंतांभोवती साठलेले कॅल्शियम नागमोडी धाग्यासारखे दिसते. ते एकदा पाहिलेले असले की विसरत नाही. न पाहिलेल्याची मात्र त्रेधा उडते.

एवढ्या खुणा पाहून शेवटी निर्णय लिहायचा असतो. पूर्वी ज्याची त्याची भाषा वेगळी होती. ‘किंचित संशयास्पद’ याचा अर्थ एका शहरात एक, दुसऱ्या शहरात दुसरा. १९९३ साली अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने बाय-रॅड्स ही पद्धत आणून शब्द आणि पायऱ्या ठरवून दिल्या. आज भारतातले रिपोर्टही बहुधा त्याच पद्धतीने लिहिले जातात. पायरी १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे आहे पण निरुपद्रवी. पायरी ३ मध्ये कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नसते, म्हणून बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. पायरी ४ चा पल्ला दोन टक्क्यांपासून पंच्याण्णवपर्यंत इतका लांब आहे की तिचे अ, ब, क असे पोटभाग करावे लागले. पायरी ५ म्हणजे पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून जास्त. ६ तेव्हाच, जेव्हा निदान आधीच सिद्ध झालेले असते. आणि ज्या पायरीने सर्वाधिक झोप उडते ती ० म्हणजे कर्करोग नव्हे. माहिती अपुरी आहे, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी, एवढाच तिचा अर्थ. तुमच्या हातातल्या कागदावर शून्य लिहिलेले असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा. पाचव्या पायरीवरही शेवटचा शब्द चित्राचा नसतो. बायोप्सीत काढलेल्या तुकड्याचा असतो.

चित्राची मर्यादा सांगितल्यावर चाळणीची, म्हणजे काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांच्या तपासणीची मर्यादाही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या आणि स्वीडनमध्ये १९७७ पासून चाललेल्या मोठ्या चाचण्यांत अशा तपासणीने मृत्यू घटल्याचे दिसले. स्वीडनच्या दोन परगण्यांतली घट ३१ टक्के होती. ब्रिटनने १९८८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तिथे तपासलेल्या शंभरांतल्या साधारण चौघींना पुन्हा बोलावले जाते आणि त्या चौघींपैकी एकीला कर्करोग निघतो. २०१२ साली तिथल्याच एका स्वतंत्र समितीने हिशेब मांडला: पन्नाशीच्या दहा हजार स्त्रियांना वीस वर्षे बोलावत राहिले तर ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ स्त्रियांमध्ये असा कर्करोग सापडतो जो एरवी त्यांना आयुष्यभर उपद्रव देता ना. या दोन आकड्यांवरून तज्ज्ञांत अजून जोराचे वाद आहेत. वाचकांनी ते दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एकच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

महाराष्ट्राने या वादात आपली मोलाची भर घातली आहे. मॅमोग्राफीची यंत्रे आणि ती पाहणारे डोळे, दोन्ही दुर्मीळ असलेल्या देशाने काय करावे? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक चाचणी सुरू केली. मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया तीत होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. मॅमोग्राम नाही, केवळ हात. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता. मृत्यूंतली एकूण घट १५ टक्के, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळपास ३० टक्के होती. वस्त्यांतून वीस वर्षे पाठपुरावा करणे हे काय दिव्य आहे, ते असे काम केलेल्यांनाच कळेल. मॅमोग्रामवरच्या लेखनात या हातांच्या कामाचा उल्लेख अभिमानाने करावासा वाटतो, कारण एक नियम दोन्हीकडे सारखाच आहे: हाताला गाठ लागत असेल आणि मॅमोग्राममध्ये काही दिसत नसेल, तर तपास तिथे थांबवायचा नाही.

तंत्र पुढे चालले आहे. कोन बदलत घेतलेल्या चित्रांतून स्तनाचे पातळ काप दाखवणारी टोमोसिंथेसिस अमेरिकेत २०११ पासून मान्य झाली आणि भारतातल्या मोठ्या केंद्रांतही पोचली आहे. एकावर एक आलेल्या सावल्या त्यात सुट्या होतात. स्वीडनमध्ये ऐंशी हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने चित्रे तपासण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले, आणि कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही. मग डोळा तयार करण्याची खटपट कशाला, असे कोणी विचारेल. उत्तरादाखल एक गंमत. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कबुतरांना मॅमोग्राम पाहायला शिकवले. दाणे मिळत गेले तशी कबुतरे कॅल्शियमचे संशयास्पद कण नव्या चित्रांतही ओळखू लागली. गाठींच्या बाबतीत मात्र त्यांची विद्या चालेना. दाखवलेली चित्रे पाठ झाली, नवे चित्र समोर येताच गडबडली. ठिपके ओळखणे आणि गाठीच्या कडेवरून तिचा स्वभाव ताडणे, यांतले अंतर त्या प्रयोगाने नकळत मोजून दाखवले आहे. यंत्र ते अंतर कितपत कापते हे पाहायला, यंत्राने दाखवलेले खरे की खोटे ठरवू शकणारा माणूस लागणारच.

या विषयात पुढे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने लाझ्लो ताबार आणि पीटर डीन यांचा मॅमोग्राफीचा चित्रसंग्रह ग्रंथालयातून जरूर मिळवावा. प्रत्येक चित्राखालचे उत्तर झाकून आधी स्वतःचे मत कागदावर लिहावे, मगच उत्तर पाहावे. ज्यांना केवळ घरच्या रिपोर्टसाठी हे समजून घ्यायचे आहे त्यांनी कॅल्शियमच्या भागापासून वाचन सुरू केले तरी हरकत नाही. घनतेचा भाग मात्र वगळू नये. आणि पुढच्या तपासणीला जाताना जुन्या फिल्म किंवा सीडी सोबत न्याव्यात, नुसता कागदाचा रिपोर्ट नव्हे. रेडिओलॉजिस्टला तुलना शब्दांशी करता येत नाही, चित्राशीच करावी लागते.